किट चालू झालं, पण संशोधन सुरू झालं का?

पेट सुटली, गाईड मिळाले, आता सिनॉप्सिस लिहायचा आहे. इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर विषय असेल तर आपल्या जळगाव-धुळ्याकडे एक विषय हमखास डोक्यात येतो: केळीच्या बागेसाठी स्मार्ट सिंचन. मातीत ओलाव्याचा सेन्सर, त्याला जोडलेला अर्डुइनो, एक रिले आणि मोबाईलवर मेसेज. माती सुकली की मोटार चालू, ओली झाली की बंद. सगळं नीट चालतं. मग आरआरसीत कुणीतरी विचारतं, "छान आहे, पण यात तुमचं काय?" आणि इथे बरेच जण अडकतात.

या प्रश्नाचं उत्तर आज मी जरा आडवाटेने शोधणार आहे. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी लोक घरी सोल्डर करून जे कॉम्प्युटर जोडायचे, त्यांच्या किटची ही समीक्षा समजा. किटची कसली समीक्षा, असं वाटेल. पण किट हा एक प्रकारचा मजकूरच असतो. तो तुम्हाला काही गोष्टी सांगतो आणि काही मुद्दाम झाकून ठेवतो. काय झाकलं हे ओळखता आलं, तर वरच्या प्रश्नाचं उत्तर अर्धं मिळालं.

सुरुवात १९८० पासून. इंग्लंडमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने झेडएक्स ८० हा घरगुती कॉम्प्युटर आणला. तयार घेतला तर ९९.९५ पौंड, सुटे भाग घेऊन स्वतः जोडला तर ७९.९५ पौंड. मेमरी फक्त १ किलोबाईट. आत २१ चिप होत्या आणि त्यातल्या बहुतेक बाजारात कुठेही मिळणाऱ्या साध्या लॉजिक चिप. म्हणजे किट जोडणाऱ्याच्या हातात सर्किटचा नकाशा आणि पेन्सिल असेल, तर तो प्रत्येक सिग्नलचा माग काढू शकत होता.

आणि माग काढण्यासारखं त्यात होतंही. या कॉम्प्युटरला चित्र दाखवायला वेगळी व्हिडिओ चिप नव्हती, ते काम झेड ८० प्रोसेसरच करायचा. पडद्यावर दाखवायची अक्षरं मेमरीतून वाचली जात असताना बाजूच्या चिप प्रोसेसरला फसवायच्या. प्रोसेसरपर्यंत "काही करू नकोस" अशी सूचना पोचायची आणि खरं अक्षर दुसऱ्या वाटेने पडद्याकडे जायचं. म्हणूनच बटण दाबलं की पडदा लुकलुकायचा, कारण प्रोसेसर तेवढ्यात दुसरं काम करायला गेलेला असायचा. यंत्राचा दोष आणि त्याचं कारण, दोन्ही सर्किटवर डोळ्यांना दिसत होतं.

पुढच्याच वर्षी, मार्च १९८१ मध्ये, झेडएक्स ८१ आला. किटची किंमत ४९.९५ पौंड, तयार ६९.९५ पौंड. आणि चिप? २१ वरून थेट ४. बाकीच्या लॉजिक चिपचं काम फेरांटी कंपनीने बनवलेल्या एकाच चिपमध्ये बसवलं. तिला यूएलए म्हणतात. कारखान्यात आधीच तयार असलेल्या कोऱ्या गेट्सना ग्राहकाच्या गरजेप्रमाणे जोडून दिलेली ही चिप. किट जोडणं एकदम सोपं झालं. पण गंमत बघा, ज्या फसवाफसवीतून चित्र तयार होत होतं, ती आता काळ्या प्लॅस्टिकच्या आत गेली. किट जोडणारा तिच्याभोवती रेझिस्टर-कपॅसिटर लावत राहिला.

इथे घाईने निकाल देऊ नका. बंद पेटी म्हणजे वाईट, असं मला म्हणायचं नाही. त्या एका चिपमुळेच किंमत खाली आली आणि झेडएक्स ८१ चे पंधरा लाखांहून जास्त नग विकले गेले. कित्येकांचा तो पहिला कॉम्प्युटर ठरला. संशोधनातही आपण रोज बंद पेट्या वापरतो. मल्टिमीटर वापरताना त्याचं सर्किट कोण उघडून बघतं? मुद्दा एवढाच की आपण कोणती पेटी बंद ठेवली आणि कोणती उघडली, हे आपल्याला ठाऊक हवं आणि लिहूनही ठेवायला हवं.

आता जरा घरी येऊ. खानदेशातल्या इंजिनिअरिंग कॉलेजात किंवा पॉलिटेक्निकमध्ये ज्यांनी ८०८५ चं प्रॅक्टिकल केलंय, त्यांनी "किट" हा शब्द शेकडो वेळा वापरलाय. पण आपल्या लॅबमधलं किट कुणी जोडत नाही. ते जोडूनच येतं, लाकडी नाहीतर प्लॅस्टिकच्या पेटीत, सोळा आकड्यांच्या कीपॅडसह. आपण ३ई ०५, ०६ ०३, ८०, ७६ असे कोड चढवतो, रन करतो, अक्युम्युलेटरमध्ये ०८ बघतो आणि जर्नलमध्ये लिहितो: "रिझल्ट व्हेरिफाइड". आता सांगा, आपण बटण दाबलं आणि डिस्प्लेवर आकडा उमटला, तो कुणी उमटवला? किटवरच्या ईप्रॉममध्ये एक मॉनिटर प्रोग्राम बसलेला असतो. तो बटणं ओळखतो आणि आकडे दाखवतो. अख्ख्या किटमधला सगळ्यात शिकण्यासारखा प्रोग्राम तोच. पण प्रॅक्टिकलच्या यादीत तो नसतो आणि व्हायवात एक्स्टर्नलही विचारत नाही. पाच आणि तीन मिळून आठ होतात, हे मात्र आपण पिढ्यान्पिढ्या तपासत आलोय.

म्हणजे किटचे तीन नमुने झाले. झेडएक्स ८० उघडं होतं, झेडएक्स ८१ अर्धं झाकलेलं, आणि आपलं लॅबमधलं किट उघडता येण्यासारखं असूनही न उघडलेलं.

आता चौथा नमुना, आणि संशोधकाच्या दृष्टीने सगळ्यात कामाचा. १९८२ मध्ये सिंक्लेअरने झेडएक्स स्पेक्ट्रम आणला. यातही यूएलए होती. तिची रचना रिचर्ड ऑल्टवॉसर यांनी केलेली. हे यंत्र महाराष्ट्रातही आलं. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने त्याची भारतीय आवृत्ती "डीबी स्पेक्ट्रम" या नावाने काढली. जगभर या कॉम्प्युटरवर लाखो पोरं गेम खेळली, प्रोग्रामिंग शिकली. पण यूएलएच्या आत नेमकं काय आहे, हे बाहेरच्या माणसाला कळायचा मार्ग नव्हता.

क्रिस स्मिथ यांनी ती पेटी उघडली. "द झेडएक्स स्पेक्ट्रम यूएलए" हे त्यांचं पुस्तक २०१० मध्ये आलं. त्यांनी दोन बाजूंनी काम केलं. एक, चिपच्या पायांवर काय येतं-जातं ते मोजून तिचं वागणं साध्या लॉजिक चिपमधून पुन्हा उभं केलं. दोन, चिपचं आवरण काढून आतल्या सिलिकॉनचा सूक्ष्मदर्शकातून घेतलेला फोटो वाचून गेट-गेट ओळखलं. पहिल्या कामातून "हार्लेक्विन" नावाचा कॉम्प्युटर तयार झाला, ज्यात यूएलएच्या जागी साध्या लॉजिक चिपची रांगच आहे. १९८१ मध्ये जे आत गेलं होतं, ते पुन्हा बाहेर आलं.

या कामाची ताकद कशात आहे, ते नीट बघा. "माझा कॉम्प्युटर चालू झाला" हा त्याचा निकष नाही. निकष फार कडक आहे: जुनं यंत्र जसं वागतं तस्संच हे वागतं का? ४८ किलोबाईटच्या स्पेक्ट्रममध्ये चित्राची एक फ्रेम पूर्ण व्हायला प्रोसेसरच्या घड्याळाचे ६९,८८८ ठोके लागतात. एका ओळीला २२४ ठोके आणि अशा ३१२ ओळी. घड्याळ ३.५ मेगाहर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला पन्नासहून किंचित जास्त फ्रेम. गुणाकार-भागाकार तुम्ही आत्ता करून बघू शकता. नव्या यंत्रात हा आकडा चुकला तर कॉम्प्युटर चालू होईल, बेसिकही चालेल, पण ठोके मोजून लिहिलेल्या गेममध्ये चित्र विस्कटेल. चालणं वेगळं आणि बरोबर असणं वेगळं.

मला या पुस्तकाबद्दल दोन तक्रारी आहेत. पहिली उपशीर्षकाबद्दल. ते "मायक्रोकॉम्प्युटरची रचना कशी करावी" असं मोठं आश्वासन देतं, पण खरं पुस्तक एका चिपचं आहे. माझ्या मते ती मर्यादाच त्याचं बळ आहे, मग शीर्षकात लपवायची कशाला? दुसरी तक्रार या पद्धतीच्याच मर्यादेची. सिलिकॉनचा फोटो "काय आहे" ते सांगतो, "का आहे" ते सांगत नाही. पहिल्या स्पेक्ट्रमच्या यूएलएमध्ये एक चूक राहिली होती. ती दुरुस्त करायला कारखान्यात एक जादा चिप बोर्डावर उलटी, पाय वर करून लावली गेली. लोकांनी तिला नाव दिलं "मेलेलं झुरळ". गेट्स वाचून चूक सापडेल, पण घाई होती की पैसे वाचवायचे होते की नजरचूक, हे गेट्स सांगणार नाहीत. त्याला कागदपत्रं लागतात, माणसांशी बोलावं लागतं. प्रत्येक पद्धत एका जागी थांबते. तुमची कुठे थांबते, हे सिनॉप्सिसमध्ये आधीच लिहिलंत तर समितीच तुमच्या बाजूने बोलेल.

आणि आता खरी गोम. हार्लेक्विनही आज किट म्हणून विकत मिळतं. कुणीही मागवावं, बोर्डावर छापलेले आर-१, सी-१ बघून सोल्डर करावं, चालू करावं. सगळ्या चिप उघड्या, साध्या. तरी एवढं करून तुम्ही झेडएक्स ८१ जोडणाऱ्यापेक्षा एक पाऊलही पुढे जात नाही! म्हणजे उघडेपणा वस्तूत नसतो, तुम्ही तिला विचारलेल्या प्रश्नात असतो. तेच किट घेऊन तुम्ही चालू करायच्या आधी लिहिलंत, "अमुक चिप काढली तर रंग जातील पण अक्षरं राहतील", आणि मग ती काढून बघितलीत, तर किट तेच, पण तुम्ही चाचणी केलीत. अंदाज खोटा ठरला तर फारच उत्तम, तिथून पुढे तुमचं काम सुरू होतं.

हेच आता केळीच्या बागेत न्या. तुमच्या प्रोजेक्टमधली यूएलए कोणती? अर्डुइनो नाही. तो दोन काट्यांचा स्वस्तातला ओलाव्याचा सेन्सर. तो ० ते १०२३ मधला एक आकडा देतो आणि आपण त्याला "ओलावा" म्हणतो. पण तो ओलावा मोजतच नाही, तो मातीतून वीज किती सहज जाते ते मोजतो. केळीला तर ठिबकमधून पाण्याबरोबर खतंही दिली जातात. क्षार वाढले की वीज सहज जाते आणि माती आहे त्यापेक्षा ओली दिसते. मग मोटार चालू व्हायला हवी तेव्हा बंद राहील. शिवाय आपली काळी माती सुकली की भेगाळते, काट्यांना मातीच चिकटत नाही. आणि वीज सतत सोडली तर काटे झिजतात ते वेगळंच.

प्रश्न सापडला ना? एकाच शेतातली माती घ्या, वजन करा, ओव्हनमध्ये १०५ अंशांवर २४ तास सुकवा, पुन्हा वजन करा. हा झाला खरा ओलावा. त्याच्यासमोर सेन्सरचा आकडा मांडा. मग खताचं प्रमाण बदलून तेच पुन्हा करा. आलेख किती सरकतो? किती सरकल्यावर मोटारीचा निर्णय चुकतो? याला रिले लागत नाही, मोबाईल अॅप लागत नाही. तराजू, ओव्हन आणि नोंदवही लागते. पण हा आकडा चुकला तर नुकसान शेतकऱ्याच्या घडाचं होतं, म्हणून तो कुणीतरी शोधायलाच हवा.

तेव्हा सिनॉप्सिस जमा करायच्या आधी एका कोऱ्या पानावर तीन ओळी लिहा. माझ्या कामात बंद पेट्या कोणत्या? त्यातली मी उघडणार ती कोणती? आणि ती मी बरोबर उघडली नाही, हे मला कशावरून कळेल? पहिल्या दोन ओळी बहुतेकांना जमतात. तिसरी लिहिता आली नाही, तर सिनॉप्सिस अजून जमा करू नका. आधी गाईडकडे जा आणि त्या ओळीवर बोला.