पाणी शंभर अंशांनाच उकळते का?

बालभारतीचे इयत्ता दहावीचे ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग १’ हे पुस्तक २०१८ साली आले. त्यातील ‘उष्णता’ या प्रकरणाच्या सुरुवातीलाच एक चांगली कृती आहे. चंचुपात्रात बर्फाचे तुकडे घेऊन तापवायचे, दर मिनिटाला तापमान नोंदवायचे आणि आलेख काढायचा. उष्णता मिळत असूनही तापमान वाढत नाही, हे विद्यार्थ्याला स्वतःच्या आलेखात दिसते. अप्रकट उष्मा शिकवण्याचा याहून सरळ मार्ग आम्हाला माहीत नाही. आमचा आक्षेप आहे तो आलेखातील दुसऱ्या आडव्या रेषेविषयी. ती १०० अंश सेल्सिअसवर काढलेली आहे.

बीड शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे. उंची वाढली की हवेचा दाब घटतो आणि साधारणपणे दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनांक एका अंशाने उतरतो. म्हणजे बीडच्या शाळेत पाणी ९८ अंशांच्या किंचित वर उकळायला हवे. तापमापी ९८ दाखवते, पुस्तक १०० म्हणते. मग विद्यार्थ्याने प्रयोगवहीत काय लिहावे? गुणांच्या धाकाने तो १०० लिहील, तर प्रयोग करूनही तो काहीच शिकला नाही. तापमापी सदोष असेल ही शंका रास्त आहे, पण तिची निम्मी तपासणी याच कृतीत होते. वितळत्या बर्फात पारा शून्यावर आहे ना, हे पाहून ठेवावे. उत्कलनांक दाबावर अवलंबून असतो, ही अट आलेखाशेजारीच ठळक हवी.

शंभराच्या आकड्याने दुसरा घोटाळाही होतो. पाण्याची वाफ होण्यासाठी १०० अंश तापमान लागतेच, अशी समजूत घट्ट होते. मग माठातले पाणी गार कसे होते? माठाच्या पृष्ठभागावर झिरपलेले पाणी ३० अंशांनाही वाफ होऊन जाते. त्यासाठी दर ग्रॅमला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. पुस्तकातील ५४० कॅलरी हा आकडा १०० अंशांचा आहे. दहा लिटरच्या माठातून १०० ग्रॅम पाणी उडाले, तर ५८,००० कॅलरी खर्च होतात. ही सगळी उष्णता माठातल्या पाण्यातूनच गेली असे धरले, तर ते जवळजवळ सहा अंशांनी थंड होईल. प्रत्यक्षात बाहेरूनही उष्णता आत येते, म्हणून घट याहून कमी असते.

मे महिन्यात माठ चांगला काम करतो आणि श्रावणात करत नाही, याचे उत्तर याच प्रकरणातील सापेक्ष आर्द्रतेत आहे. अप्रकट उष्मा आणि आर्द्रता यांची ही गाठ पुस्तकात पक्की बसलेली नाही. ती शिक्षकांनी वर्गात बांधावी. तापमापीच्या फुग्याला ओली चिंधी गुंडाळून मे आणि जुलैमध्ये पारा किती उतरतो हे पाहणे पुरेसे आहे. माजलगावच्या धरणातले पाणी उन्हाळ्यात न उकळताच हवेत जाते. पाण्यासाठी टँकरची वाट पाहणाऱ्या जिल्ह्यातील मुलांना अवस्थांतर समजावण्यासाठी याहून जवळचे उदाहरण कोणते?

आणि वहीत ९८ लिहिणाऱ्याला पूर्ण गुण द्यावेत.