जेम्स आर्नेसची सावकाश चाल

एक भलीमोठी पाठमोरी आकृती, तिच्यापुढे पसरलेला ओस रस्ता आणि रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला बोटभर दिसणारा एक माणूस. ‘गनस्मोक’ या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेचा प्रारंभ वर्षानुवर्षे असा होत असे. दोघांचे हात कमरेकडे जातात, बार उडतात आणि पलीकडचा कोसळतो. आपण हे दृश्य जरा रेंगाळत पाहू. पहिला बार समोरच्याचा आहे. त्याचे पिस्तूल केसभर आधी सुटते आणि नेम चुकतो. मार्शल मॅट डिलनची गोळी त्यानंतर सुटते आणि लागते. नायक हा सर्वांत चपळ असलाच पाहिजे, हा वेस्टर्नपटांचा जणू कुळाचार. आणि येथे मालिकेच्या उंबरठ्यावरच तो मोडलेला. गंमत अशी, की कोसळणारा तो माणूस म्हणजे आर्वो ओयाला, हॉलिवूडच्या नटांना पिस्तूल उपसायला शिकवणारा नामांकित उस्ताद. दर आठवड्याला गुरू शिष्याच्या हातून मरत होता आणि मरता मरता आपला हात अधिक वेगवान असल्याचे दाखवूनही जात होता.

हा नुसता शीर्षकदृश्यातला चमत्कार नव्हे. १० सप्टेंबर १९५५ रोजी मालिकेचा पहिला भाग प्रक्षेपित झाला, तेव्हा खुद्द जॉन वेनने प्रेक्षकांसमोर येऊन डिलन साकारणाऱ्या जेम्स आर्नेस या नव्या नटाची ओळख करून दिली. एवढा मोठा यजमान दारात उभा राहून स्वागत करतो म्हटल्यावर नायकाने पहिल्याच दिवशी पराक्रम गाजवावा, ही अपेक्षा साहजिक. पण त्या भागात डिलन गोळी खाऊन आडवा होतो. प्रतिस्पर्धी त्याच्याहून खरोखरच वेगवान आहे. मग अंथरुणावर पडल्या पडल्या डिलन विचार करतो, त्या माणसाची खोड त्याच्या ध्यानात येते, की तो नेहमी अगदी जवळ येऊन गोळी झाडतो, आणि दुसऱ्या भेटीत डिलन अंतर राखून उभा राहतो. शौर्याचे रूपांतर येथे निरीक्षणात झाले आहे. आपल्या रसशास्त्राने उत्साह हा वीररसाचा स्थायीभाव मानला. या वीराच्या चेहऱ्यावर मात्र तो शोधूनही सापडत नाही. सुरुवातीच्या कित्येक भागांत तर तो डॉज सिटी या आपल्या गावाबाहेरच्या बूट हिल या दफनभूमीत थडग्यांमधून फिरताना दिसतो आणि स्वतःशीच बोलावे तसे आपल्याशी बोलतो. त्या बोलण्यात हतबलता नाही, पण विजयाची चवही नाही. कर्तव्य पार पाडून थकलेल्या माणसाचे ते संथ, उदास आणि तरीही प्रेमळ बोलणे आहे.

ही भूमिका आर्नेसकडे आली, तेव्हा ती रिकामी नव्हती. १९५२ पासून ‘गनस्मोक’ रेडिओवर गाजत होती आणि विल्यम कॉनराड या नटाच्या भारदस्त, खर्जातल्या आवाजाने मॅट डिलन घराघरांत पोहोचला होता. कॉनराडची अंगकाठी मात्र बुटकी, गोल. पडद्यासाठी ती चालण्यासारखी नव्हती. म्हणजे एका आवाजाला देह मिळवून द्यायचा होता, आणि देह मिळाला तो सहा फूट सात इंचांचा.

या उंचीची कथा रसिकाने ऐकून ठेवावी अशी आहे. मिनियापोलिसमध्ये १९२३ साली जन्मलेल्या या मुलाला नौदलाचा वैमानिक व्हायचे होते. उंची आड आली. पायदळात गेला आणि जानेवारी १९४४ मध्ये इटलीतल्या अँझिओच्या किनाऱ्यावर उतरण्याची वेळ आली, तेव्हा बोटीतून सर्वांत आधी पाण्यात उतरण्याचा हुकूम त्यालाच झाला, कारण पाणी किती खोल आहे हे पाहायला त्या तुकडीत त्याच्याएवढी उंच काठी दुसरी नव्हती! पुढे त्याच मोहिमेत उजव्या पायात मशीनगनच्या गोळ्या शिरल्या. शस्त्रक्रिया झाल्या, पदके मिळाली, पाय कायमचा दुखरा राहिला. नंतर चित्रपटसृष्टीनेही आधी त्याची उंचीच तेवढी पाहिली: १९५१ च्या ‘द थिंग फ्रॉम अनदर वर्ल्ड’मध्ये त्याला परग्रहावरून आलेला मुका राक्षस केले.

आता डिलनची चाल पाहा. लाँग ब्रांच सलूनचे दार ढकलून तो आत येतो, तेव्हा घाई नसते, रुबाब नसतो. पाऊल पूर्ण टेकवून मगच पुढचे उचलावे अशी ती मोजकी, जड, सावध चाल आहे. आपल्याला ती अधिकाराची चाल वाटते, आणि ती तशी आहेच. पण त्या अधिकारात एका जखमी पायाची सावधगिरी किती मुरली आहे, हे कळल्यावर तिची लज्जत वाढते. पुढच्या वर्षांत घोड्यावर चढणे आर्नेसला विशेष जाचत असे. आणि नियतीचा विनोद पाहा: मालिकेत लंगडतो कोण, तर डिलनचा सोबती चेस्टर. ती भूमिका करणारा डेनिस वीव्हर हा खरा धावपटू, १९४८ च्या ऑलिंपिक निवडचाचणीत डेकॅथलॉनमध्ये उतरलेला. धडधाकट पायाचा नट ताठ पाय ओढत चालतो आणि ज्याचा पाय खरोखर दुखतो तो शेजारून सरळ चालत जातो. दोघे एका चौकटीत आले, की माझी नजर संवादांवर ठरतच नाही.

उंच माणसाला जागा व्यापण्यासाठी काही करावे लागत नाही. कमी व्यापण्यासाठी मात्र कष्ट पडतात. आर्नेसची खरी कला मला इथे दिसते. गावचा डॉक्टर डॉक अ‍ॅडम्स कुरकुरतो, डिलनचा सहायक फेस्टस बडबडतो, एखादा पाहुणा नट जीव तोडून रडतो, आणि डिलन टोपी किंचित मागे सारून ऐकत राहतो. मान थोडी कललेली, डोळे समोरच्यावर स्थिर, ओठांच्या कोपऱ्यात हसू आहे की नाही अशा बेताने. ऐकण्याचा अभिनय हा गायकामागच्या तंबोऱ्यासारखा; चालू आहे तोवर ध्यानात येत नाही. वीस पर्वे आणि ६३५ भाग टिकला तो हा सूर. पारितोषिकांच्या हिशेबात त्याची नोंद कशी व्हावी? एमी पुरस्कार वीव्हरला मिळाला, डॉक झालेल्या मिलबर्न स्टोनलाही मिळाला. आर्नेसला तीन नामांकने, बस.

आणि किटी. लाँग ब्रांचची मालकीण किटी रसेल, म्हणजे अमांडा ब्लेक, आणि हा मार्शल यांच्यात काय आहे, ते सगळ्या डॉज सिटीला ठाऊक आहे आणि कुणी बोलत नाही. एकोणीस पर्वे ती त्याची वाट पाहते. तो कामगिरीवर निघताना दारात क्षणभर थांबतो, ती काहीतरी साधेच बोलते, तो मान हलवतो. शृंगाराचा एवढा काटकसरी आविष्कार इतका काळ ताजा राहावा, याचे श्रेय दोघांच्या नजरांना आहे. डिलनला उघडपणे प्रेम करू द्यायचे, तर लेखकांना १९७३ च्या एका भागात त्याची स्मृतीच घालवावी लागली, आणि तेही प्रेम दुसऱ्याच स्त्रीवर! किटीच्या बाजूने मला याचा अजूनही थोडा राग येतो.

मालिका १९७५ मध्ये थांबली. पण रसिकाने ‘रिटर्न टू डॉज’ हा १९८७ चा दूरचित्रवाणीपट चुकवू नये. कथा बेताची आहे. ती सोडून द्या. त्यात आठवणी म्हणून जुन्या भागांतली दृश्ये मध्ये मध्ये पेरलेली आहेत, म्हणून चौसष्ट वर्षांचा आर्नेस आणि ऐन भरातला आर्नेस एकाच बैठकीत पाहायला मिळतात. डिलनने आता बिल्ला उतरवला आहे, चेहरा पिकला आहे. किटी समोर येते तेव्हा दोन काळांतली त्याची नजर शेजारी शेजारी ठेवून पाहावी: आधीची राखलेली, नंतरचीही राखलेलीच, फक्त आता राखायला कारण उरलेले नाही आणि सवय सुटत नाही.