विमानभरणीची परिभाषा : एक टिपण

'विमानतळ', 'धावपट्टी', 'उड्डाण' हे शब्द मराठीत रुळले; कारण ते वृत्तपत्रवाचकाच्या नित्य परिचयाचे होते. माल भरणाऱ्याच्या परिभाषेस तसा आश्रय लाभला नाही. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यातील गोदामांत 'लोड' हा एकच शब्द वजन, माल व भरण्याची क्रिया या तिहींसाठी राबतो. त्याजागी 'भार' योजला, तरी हा संदेह फिटत नाही.

विमानात एकूण वजनाइतकेच त्याचे स्थान महत्त्वाचे. गुरुत्वमध्य मर्यादेबाहेर मागे गेला, तर नाक वर जाऊन विमान आवरेनासे होते; फार पुढे आला, तर नाक उचलणेच कठीण. या अवस्थांस 'पुच्छभारी' व 'अग्रभारी' असे समास घडविता येतील. परंतु बैलगाडी हाकणाऱ्याने त्यांस पूर्वीच नावे दिली आहेत : मागे जड ती 'उलाळ', पुढे जड ती 'धुरजड'. विमानास धुरा नसते, हा आक्षेप टिकणारा नाही. धावपट्टीवर तरी पायांनी कोण धावतो?

29 एप्रिल 2013 रोजी बग्राम येथे मालवाहू बोइंग 747 उड्डाणानंतर लगेच कोसळून 7 जण मृत्यू पावले. नीट न जखडलेले लष्करी वाहन मागे सरकून शेपटाकडील यंत्रणा निकामी झाली होती. भरणीचे पत्रक इंग्रजीत राहील. ते का पाळावयाचे, हे मात्र भरणाऱ्यास त्याच्या भाषेत उमगले पाहिजे. परिभाषेची खरी कसोटी कोशात नव्हे, तेथे आहे.