हजेरीपटावरील तीन पिढ्या : नवी मुंबईतील मराठी व्यक्तिनामांच्या परिवर्तनाचा अन्वयार्थ

प्रस्तावना

मराठी माणसाच्या पूर्ण नावात दोन पिढ्या एकत्र नांदतात. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम असल्याने महाविद्यालयाचा हजेरीपट हा केवळ उपस्थितीचा कागद राहत नाही, तर तो सामाजिक इतिहासाचा दस्तऐवज ठरतो. नवी मुंबईतील वर्गात आज अथर्व, वेदांत, तन्वी, श्रेया ही नावे पुकारली जातात. त्यांच्या पुढे वडिलांचे नाव म्हणून संतोष, राजेश, सचिन, प्रकाश येतात. या वडिलांच्या कागदपत्रांत नामदेव, पांडुरंग, गोपाळ, बाळाराम हे आजोबा भेटतात. आणि याच घरांतील पाळण्यात आता आरव, विहान, अन्वी, आद्या यांचे आगमन झालेले आहे.

या परिवर्तनाची दोन स्पष्टीकरणे सामान्यतः दिली जातात. पहिल्यानुसार ही केवळ फॅशन आहे. दुसऱ्यानुसार हा सांस्कृतिक ऱ्हास असून नव्या नावांत अर्थही नाही आणि मराठीपणही नाही. ही दोन्ही स्पष्टीकरणे महाराष्ट्राच्या, विशेषतः नवी मुंबईच्या संदर्भात कितपत पुरी पडतात, याची तपासणी प्रस्तुत लेखात केली आहे.

अभिरुचीचा सिद्धान्त आणि त्याची मर्यादा

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ स्टॅन्ली लिबरसन यांच्या ‘अ मॅटर ऑफ टेस्ट’ (२०००) या ग्रंथात व्यक्तिनामांच्या बदलाची पद्धतशीर मीमांसा आढळते. नावांतील बदल प्रत्येक वेळी युद्ध, चित्रपट वा नेता अशा बाह्य घटनेमुळेच होतो असे नाही. अभिरुचीला स्वतःची अंतर्गत गती असते, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन होय. एखादा ध्वनी लोकप्रिय होतो, त्याच्या आसपासची नावे पुढे येतात, ती अतिपरिचित झाली की मागे पडतात. प्रसिद्ध व्यक्ती अनेकदा ही लाट निर्माण करीत नाही, तर आधीच उसळलेल्या लाटेवर आरूढ होते.

मराठी उदाहरण घ्यावयाचे तर ‘सचिन’ या नावाचे घेता येईल. सचिन तेंडुलकर कसोटी क्रिकेटमध्ये उतरले ते नोव्हेंबर १९८९ मध्ये. त्यापूर्वीच महाराष्ट्रातील शाळांच्या पटांवर अनेक सचिन दाखल झालेले होते. तेंडुलकर यांचे स्वतःचे नावही संगीतकार सचिन देव बर्मन यांच्या नावावरून ठेवले गेले. मराठीचे प्राध्यापक व कवी असलेले वडील रमेश, बंगाली नाव धारण करणारा पुत्र सचिन आणि महाभारतातील नावाचा नातू अर्जुन या तीन पिढ्या पाहिल्या, तर नावांचा प्रवास जुन्याकडून नव्याकडे असा सरळ रेषेत होत नाही, हेही लक्षात येते.

तथापि या सिद्धान्ताची एक पूर्वअट आहे. नाव ही आईवडिलांच्या मुक्त निवडीची बाब झालेली असली पाहिजे. शिवाय त्यासाठी अखंड आकडेवारी लागते. अमेरिकेत सामाजिक सुरक्षा प्रशासन १८८० पासूनच्या जन्मांची नावे वर्षवार प्रसिद्ध करते. भारतात जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ मध्ये संमत झाला, परंतु नावांची तशी वार्षिक यादी प्रसिद्ध करण्याची प्रथा येथे नाही. त्यामुळे येथील अभ्यासकाला हजेरीपट, शाळेचे जनरल रजिस्टर, मतदारयादी आणि कुटुंबांच्या वंशावळी यांवर भिस्त ठेवावी लागते. ही साधने वाचू लागताच ‘मुक्त निवड’ ही कल्पना किती अलीकडची आहे, हे ध्यानात येते.

वारशाकडून निवडीकडे

आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांत रूढ होती. या रीतीत नाव एका पिढीआड परत येत असे. आजोबा आणि नातू दोघेही विठ्ठल असतील, तर ‘विठ्ठल’ हे नाव म्हातारे होत नाही. ‘जुने नाव’ ही संकल्पना हे चक्र खंडित झाल्यावरच संभवते.

या खंडनाचा एक आलेख कर्वे कुटुंबात पाहता येतो. धोंडो केशव कर्वे (जन्म १८५८) यांच्या मुलांची नावे रघुनाथ, शंकर, दिनकर, भास्कर. दिनकर आणि इरावती यांची मुले जाई, आनंद आणि गौरी. खुद्द इरावतीबाईंचे नाव ब्रह्मदेशातील नदीवरून आलेले. म्हणजे ‘केशव’ आणि ‘धोंडो’ यांपासून ‘जाई’पर्यंतचे अंतर या घराने अवघ्या काही पिढ्यांत कापले.

आता दुसरे घर पाहावे. उरण तालुक्यातील जासई येथे १३ जानेवारी १९२६ रोजी एका आगरी शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या मुलाचे नावही दिनकरच होते. हेच पुढे प्रकल्पग्रस्तांचे नेते झालेले दि. बा. पाटील, म्हणजे दिनकर बाळू पाटील. ‘बाळू’ हे घरगुती लाडाचे रूप आणि ‘दिनकर’ हे संस्कृत, ग्रांथिक रूप यांच्यामध्ये एकाच पिढीचे अंतर आहे. पुण्यातील सुधारकाचे घर आणि खाडीकाठचे शेतकरी घर एकाच नावापाशी येऊन पोहोचले. याला कोणी अनुकरण म्हणेल. परंतु ज्या समाजाला ग्रांथिक नावे आजवर सहज उपलब्ध नव्हती, त्याने ती घेणे हे अनुकरण की हक्क, हा प्रश्न अभिरुचीच्या चौकटीत सुटत नाही.

नाव आणि प्रतिष्ठा

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातील विधान प्रसिद्ध आहे. त्यानुसार ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे नाव निंदावाचक असावे. व्यवहारात हा नियम तंतोतंत पाळला गेला असे म्हणता येत नाही. कारण दगडू, धोंडू, केरू, भिकू ही नावे अनेक जातींत आढळतात. मुले जगत नसत तेव्हा दृष्ट लागू नये, मृत्यूने या मुलाकडे दुर्लक्ष करावे, या भावनेने अशी नावे ठेवली जात. बालमृत्यू घटले तशी या नावांची गरजही ओसरली. हा बदल अभिरुचीचा कमी आणि लस, दवाखाना व स्वच्छ पाणी यांचा अधिक आहे.

तरीही नावामागील अप्रतिष्ठा ही वस्तुस्थिती होती, आणि तिच्याविरुद्धचा सर्वांत जाणीवपूर्वक लढा आंबेडकरी समाजाने दिला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे झालेल्या धम्मदीक्षेनंतर गौतम, सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, प्रज्ञा, करुणा, सुजाता, संघमित्रा ही नावे घरोघरी आली. त्यांतील ‘सिद्धार्थ’ आणि ‘मिलिंद’ ही नावे डॉ. आंबेडकरांनी स्थापन केलेल्या मुंबई व औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील महाविद्यालयांचीही होती. मालोजी, रामजी, भीमराव, यशवंत, प्रकाश, सुजात ही आंबेडकर घराण्याची नामपरंपरा पाहिली, तर ‘जी’ आणि ‘राव’ हे प्रत्यय कसे गळत गेले हेही दिसते. येथे नाव बदलणे म्हणजे स्वतःची ओळख दुसऱ्याच्या हातून काढून आपल्या हाती घेणे होय.

स्त्रियांच्या बाबतीत प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. विवाहसमयी ताटातील तांदळावर वधूचे नवे नाव लिहिण्याच्या प्रथेमुळे अनेक स्त्रियांना जन्मात दोन नावे लाभली. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना, डॉ. आनंदीबाई जोशी याही माहेरच्या यमुना. म्हणजे एका पिढीतील मुलींची नावे कोणती, या प्रश्नाचे उत्तर नोंद कोणत्या घरी झाली यावर अवलंबून राहते. याहून दाहक उदाहरण ‘नकुसा’चे. मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून ठेवलेले हे नाव धारण करणाऱ्या सातारा जिल्ह्यातील २८० हून अधिक मुलींना ऑक्टोबर २०११ मध्ये जिल्हा प्रशासनाच्या पुढाकाराने नवी नावे देण्यात आली. या मुलींसाठी नव्या नावाचा आग्रह हा ऱ्हास होता, असे कोणी म्हणू धजणार नाही.

नवी मुंबई : अपरिचितांना ऐकवायचे नाव

सिडकोची स्थापना मार्च १९७० मध्ये झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या भूमीवर हे शहर उभे राहिले. मूळच्या आगरी-कोळी गावांशेजारी साताऱ्याकडील माथाडी कामगार आले, तसेच मल्याळी, तमिळ, गुजराती, पंजाबी आणि उत्तर भारतीय कुटुंबे आली. गावात नाव हाक मारण्यासाठी असते, आणि हाक मारणारा ओळखीचाच असतो. सोसायटीत, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत आणि मुलाखतीच्या टेबलावर मात्र नाव प्रथम अपरिचिताच्या कानी पडते, किंबहुना रोमन लिपीत त्याच्या डोळ्यांपुढे येते.

या बदलाच्या खुणा नावांच्या ध्वनिरूपात स्पष्ट आहेत. मराठीचा ‘ळ’ मुलांच्या नावांतून हद्दपार होत आहे. गोपाळ, बाळाराम, काळूराम, म्हाळसा यांना वारस उरलेले नाहीत. ‘बा’, ‘राव’, ‘जी’, ‘बाई’ हे वय, मान आणि जवळीक सांगणारे प्रत्यय नावातून निघून गेले. आरव वा विहान हे नाव कानी पडताच त्या मुलाची भाषा, जिल्हा वा जात उमगत नाही. ऱ्हासवादी यालाच दोष मानतात. वस्तुतः पुष्कळ आईवडिलांच्या दृष्टीने हाच त्या नावाचा गुण असावा.

याच भूमीत एक विरोधाभासही नांदतो. घरातील नावे अखिल भारतीय होत असताना सार्वजनिक स्थळांना स्थानिक नाव मिळावे, हा आग्रह तीव्र झाला. नवी मुंबई विमानतळाला दि. बा. पाटील यांचे नाव मिळावे यासाठी जून २०२१ मध्ये भूमिपुत्रांनी मानवी साखळी व मोर्चा काढला. २०२२ मध्ये राज्य शासनाने त्या नावाच्या बाजूने निर्णय घेतला. विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. आपल्या नातवाचे नाव दिनकर न ठेवणारे आजोबा विमानतळासाठी त्याच नावाचा आग्रह धरतात, यात विसंगती नाही. स्मरणाचे जे कार्य पूर्वी नातवाचे नाव करीत असे, ते आता सार्वजनिक फलकाकडे सोपविले गेले आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, व्यक्तिनामांच्या परिवर्तनात मुख्यतः बदलला तो नावाचा श्रोता. प्रथम तो दैवत आणि पूर्वज होता. नंतर शाळा, राष्ट्र आणि चळवळ झाली. आज तो अपरिचित सहनागरिक आहे. फॅशन हे या प्रवासाचे कारण नसून त्यातील एक अवस्था आहे.

नव्या नावाने दिलेले अनामिकत्व मात्र अपुरे आहे, कारण पहिले नाव बदलले तरी आडनाव तेथेच राहते. सुखदेव थोरात व पॉल अटवेल यांच्या २००७ मधील अभ्यासात समान पात्रतेचे नोकरीचे अर्ज पाठविले असता दलित व मुस्लीम नावांच्या अर्जदारांना प्रतिसाद मिळण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू नावांच्या तुलनेत कमी आढळली. निवडीचे स्वातंत्र्य पाळण्यापर्यंत पोहोचले, पण मुलाखतीच्या दारापर्यंत पोहोचलेले नाही.

१ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय दस्तऐवजांत स्वतःच्या नावापुढे आईचे, नंतर वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव नोंदविण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला आहे. ही पिढी महाविद्यालयात येईल तेव्हा हजेरीपटाला आणखी एक स्तंभ लाभलेला असेल, आणि ज्या स्त्रियांची नावे तांदळावर लिहून पुसली गेली, त्यांच्या लेकींची नावे त्यात शाईने उमटलेली असतील. नाव पुकारताना आडनावापाशी क्षणभर अडखळणारा आवाज बदलला नाही, तर या स्तंभाचेही मोल उणे राहील. ती जबाबदारी आईवडिलांची नव्हे, हजेरी घेणाऱ्याची आहे.