पक्षपात, कैवार आणि पासंग

जुने कागद छापतांना प्रस्तावनेंत 'सदर लेख पक्षपाती आहे' असा शेरा मारण्याची चाल पडली आहे. शेरा मारला कीं संपादकास आपलें कर्तव्य संपलें असें वाटतें, आणि वाचकही तो कागद निश्चिंतपणें बाजूस सारतो. ज्या शब्दानें कागदाचें मोल ठरतें तो शब्द आपण कोणत्या अर्थानें वापरतों हें एकदां पाहावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

पक्षपात म्हणजे एका बाजूकडे झुकणें. संस्कृत काव्यांत गुणांविषयींचा पक्षपात हा सज्जनाचा स्वभावच मानिला आहे. तेथें या शब्दास दूषण नाहीं. दूषण येतें तें न्यायासनाजवळ. ज्यानें मध्यें राहण्याचें पत्करिलें तो पंच झुकला म्हणजे पक्षपात झाला. कैवार घेणारा उघड उघड एका बाजूस उभा असतो. त्यानें तें लपविलें नाहीं तर त्यांत लबाडी कोणती? मुलाहिजा या शब्दाचा मूळ अर्थ लक्ष देऊन पाहणें. मराठींत त्यास भीड, आदर ही छटा आली. मुलाहिजा माणसाचा ठेवितात, पक्षाचा नव्हे. तरफदारींतील 'तरफ' म्हणजे नुसती बाजू. महसुली विभागास तर्फ म्हणत तीच ही. इतक्या निरनिराळ्या गोष्टी आज एका 'पक्षपात' शब्दांत कोंबल्या जातात.

आमच्या पूर्वजांच्या न्यायपद्धतींत हा घोटाळा नव्हता. अग्रवादी आणि पश्चिमवादी आपापली तकरीर लिहून देत. तकरीर एकतर्फी असावयाचीच. तिला पक्षपाती म्हणून कोणी फेटाळीत नसे, तर दुसरी तकरीर तिच्या शेजारीं ठेवून साक्षी घेत. उभयतांकडून राजीनामा घेऊन गोत बसे, निवाड्याचा महजर होई, आणि हरलेला येजितखत लिहून देई. गोतच एका बाजूचें आहे असा संशय आला तर वादी परस्थळ मागे. म्हणजे संशय घ्यावयाचा तो तोलणाऱ्याचा, तोलावयास आणलेल्या मालाचा नव्हे.

शिरवळचेंच उदाहरण घेऊं. नीरेच्या कांठचें हें परगण्याचें ठाणें. येथील भुईकोट सुभानमंगळ या नांवानें प्रसिद्ध आहे. इ. स. 1648 च्या सुमारास फत्तेखानाच्या स्वारींत शिरवळ घेतल्याचा प्रसंग परमानंदाच्या शिवभारतांत विस्तारानें आला आहे. हें काव्य शिवाजी महाराजांच्या आश्रयानें झालेलें. नायकास त्यांत विष्णूचा अवतार मानिलें आहे. याच स्वारीचें वृत्त जेध्यांच्या करीन्यांतही आहे. तेथें बाजी जेधे यांचा पराक्रम आणि त्यांस मिळालेला सर्जेराव हा किताब यांवर भर आहे. करीना जेधे घराण्याचा. तो त्या घराण्याची सेवा सांगणारच. दोघांसही पक्षपाती म्हणून दूर लोटलें तर शिरवळच्या या लढाईविषयीं हातीं काय राहील? उलट, काव्य कोणाच्या आश्रयाचें आणि करीना कोणत्या घरचा हें ध्यानांत ठेवून दोन्ही शेजारीं ठेविले म्हणजे जेथें दोघे जुळतात तेथें पाय टेकावयास जागा मिळते. कवि आणि करीनाकार यांनीं पंच होण्याचें कधींच पत्करिलें नव्हतें. मग त्यांस पंचाचा दोष कां लावावा?

याहून निराळा असा एक असमतोल आहे, आणि तो कोणाच्याच लेखणीचा अपराध नाहीं. ज्या घरांत वतनाचा तंटा झाला त्या घरीं कागद जपले गेले. ज्याचें वतन निर्वेधपणें चाललें त्यास लिहून ठेवण्याचें कारणच पडलें नाहीं. देशमुख, पाटील, कुळकर्णी यांचीं दप्तरें भरलेलीं. ज्या कुणब्याच्या श्रमावर परगणा चालला त्याचें नांव आलें तर बाकींत किंवा साक्षींत. यास पक्षपात म्हणणें व्यर्थ आहे, कारण येथें झुकणारा कोणी नाहीं. पारडेंच मुळांत खालीं आहे.

यास वाण्याच्या तागडींतला एक शब्द नेमका लागू पडतो: पासंग. फारसींत 'संग' म्हणजे दगड, वजन. दोन पारड्यांत मुळांतच फरक असला तर हलक्या बाजूस जें लहानसें वजन अडकवितात तें पासंग. 'त्याच्या पासंगासही पुरत नाहीं' असें आपण म्हणतों तें त्याच्या लहानपणावरूनच. पासंग लावणारा तागडी फेंकून देत नाहीं, आणि ती निर्दोष आहे असेंही भासवीत नाहीं. फरक किती तें पाहतो, दगड बांधतो आणि तोलूं लागतो.

येथें कोणी विचारील, बनावट महजरांचें काय? बनावट कागद तो बनावटच. त्यास पक्षपाती म्हणणें म्हणजे खोट्या नाण्यास हलकें नाणें म्हणण्यासारखें आहे. खोटेपणा कागद, शाई, वळण, शिक्का आणि मिति यांवरून सिद्ध करावा लागतो. नुसत्या विशेषणानें तो सिद्ध होत नाहीं.

सारांश, संपादकांनीं 'पक्षपाती' हा शब्द निवाडा करणाऱ्यांसाठींच राखून ठेवावा, आणि वादीच्या कागदास 'एकतर्फी' म्हणून त्याची दुसरी तर्फ शोधावी. संग्राहकांस आमची विनंति इतकीच कीं, कागद कोणत्या घरांतून, कोणत्या रुमालांतून, कोणत्या तंट्याच्या कागदांबरोबर मिळाला याची टीप त्यासोबत ठेवावी. ती टीप म्हणजेच पासंग होय. ती हरवली तर पुढें कितीही विद्वान् आला तरी त्यास तोलतां येणार नाहीं. आणि रुमाल सोडून सुटे कागद विकण्याची वहिवाट पाहतां ती रोज हरवत आहे.