शिवराईचा तांबडा रंग : एक आक्षेप

शिवरायांचें वर्णन करणारें एक टिपण अलीकडे आमच्या वाचनांत आलें. टिपणकारांनीं दहा नाणीं तपासून त्यांपैकीं चार मूळच्या तांबड्या रंगाचीं, म्हणजे अल्प वापराचीं, ठरविलीं आहेत. आणि त्यांवर ‘छत्रपती’ असा दीर्घ ईकार वाचून त्या भेदावर कालक्रम रचला आहे. त्यांच्या परिश्रमांविषयीं आदर बाळगूनहि पहिला सिद्धांत आम्हांस मान्य करतां येत नाहीं. आणि तो ढळला कीं दुसऱ्याचा पायाहि ढळतो.

शिवराई १६७४ च्या राज्याभिषेकापासून पडूं लागली व पुढें पेशवाईंतहि पडत राहिली. सर्वांत धाकटी घेतली तरी ती दोनशें वर्षांच्या घरांतली. इतक्या अवधींत तांब्यानें टांकसाळींतला रंग राखणें जवळजवळ असंभवनीय होय. हवेनें त्यावर ऑक्साइडचा थर बसून तो तपकिरी, पुढें काळसर होतो. ओल्या मातींत त्यावर हिरवें कार्बोनेट चढतें.

वापरांतल्या नाण्याचा रंग कधींहि एकसारखा नसतो. अक्षरांचे माथे हातानें झिजून उजळ तपकिरी होतात, खोलगट जागा काळ्या राहतात, कडेला माती धरलेली असते. चिंचेच्या कोळांत किंवा लिंबाच्या रसांत बुडविलेलें नाणें मात्र सर्वत्र सारखेंच फिकट गुलाबी, व त्याचें तेज मेलेलें. भिंगाखालीं पृष्ठ बारीक छिद्रांनीं खाल्लेलें दिसतें. अक्षरांच्या कोपऱ्यांतहि तोच गुलाबी रंग असेल तर शंकेस जागा उरत नाहीं, कारण हाताचें घर्षण तेथें पोंचतच नाहीं. गंधकाच्या द्रावणानें पुन्हां काळें केलेलें नाणें उंच माथ्यांवरहि तितकेंच काळें असतें. रंगविलेली हिरवळ टांचणीनें सुटते. खरी घट्ट असते व तिच्याखालीं तांबडा थर लागतो.

स्मृतिकारांनीं ताम्रपात्रांस अम्लशुद्धि सांगितली, नाण्यांस नव्हे! पण हा दोष प्रस्तुत लेखकाकडूनहि घडला आहे. विद्यार्थिदशेंत आजोबांनीं दिलेली एक शिवराई आम्हीं रात्रभर चिंचेंत ठेवली. सकाळीं ‘श्री’ तेवढी वाचतां आली.

कारण असें कीं, जुन्या नाण्याचें मूळ पृष्ठ पुष्कळदां गंजाच्या थरांतच टिकून असतें. अम्लानें गंज गेला कीं अक्षरांच्या कडाहि जातात. ‘ति’ मधील डावीकडची उभी रेघ खाल्ली गेली व माथ्यावरची कमान उरली, तर अवशेष दीर्घासारखा भासतो. (संस्कृताच्या शिक्षकास ‘पति’ ऱ्हस्व असावें असें वाटणारच, हा आरोप आम्हीं आधींच मान्य करतों.) शिवरायांवर ‘शिव’ व ‘सिव’ असे लेखनभेद खरोखर आढळतात, म्हणूनच प्रत्येक वेलांटीस अधिक काटेकोर साक्ष हवी.

एक अपवाद मात्र मानला पाहिजे. ज्या नाण्यावर फिकट हिरवी, भुकटीसारखी बुरशी फुटते व पुसली तरी पुन्हां येते, त्यास क्लोराइडचा रोग जडलेला असतो. तें तसेंच ठेवल्यास नष्ट होईल; त्यावर उपचार योग्यच, पण ते जाणत्याकडून, व नोंद ठेवून.

टिपणकारांस विनंति इतकीच कीं, दहाहि नाण्यांचीं वजनें व तिरप्या उजेडांत घेतलेलीं छायाचित्रें त्यांनीं प्रसिद्ध करावीं, आणि उरलेल्या सहा काळ्या नाण्यांवरील वाचन निराळें द्यावें. त्या सहांत एकावर जरी निःसंदिग्ध दीर्घ ईकार निघाला, तर आमचा आक्षेप तितक्यापुरता आम्ही मागें घेऊं.