गणेशोत्सवी मेळे आणि शालेय समूहगान : एक चिकित्सा

शालेय समूहगानाचा विचार आज बहुधा स्नेहसंमेलन व स्पर्धा यांच्या चौकटीतच केला जातो. मात्र १८९३ नंतर पुण्यात रुजलेल्या सार्वजनिक गणेशोत्सवातील मेळ्यांमध्ये शाळा-कॉलेजांतील मुले एकसारख्या वेशात, तालावर पावले टाकीत पदे गात असत. तेथे श्रोता परीक्षक नव्हता. तो गावच होता. या पदांचा प्रभाव एवढा वाढला की, १९१० च्या सुमारास ब्रिटिश सरकारने मेळ्यांवर निर्बंध घातले.

तथापि या परंपरेचा निव्वळ गौरव एकांगी ठरतो. १८९४ मधील काही पदांनी हिंदूंना मोहरमच्या ताबुतांपासून दूर राहण्याचे आवाहन केले. पुढे १९२० नंतरच्या दशकात ब्राह्मणेतर चळवळीच्या छत्रपती मेळ्याने पदांतूनच प्रस्थापितांना प्रत्युत्तर दिले. एकाच माध्यमाने समाज जोडलाही आणि दुभंगलाही. मुलांच्या मुखी आलेल्या शब्दांचा रोख मात्र बहुतांशी मोठ्यांनीच ठरविलेला होता.

आजच्या स्पर्धांत भर प्रामुख्याने सूर, ताल व सादरीकरण यांवर असतो. शब्दांची जबाबदारी दुय्यम राहते. समूहगान पुन्हा वस्तीत न्यावयाचे असेल, तर गीताची निवड आणि अर्थचर्चा यांत विद्यार्थ्यांचा सहभाग हीच त्याची खरी कसोटी होय.